कंदिलाचा अनुभव

कायम जागा राजवर्धनला मिळाली होती, आणि बिल्ल्याची पिन वाकडी होती. यातली पहिली गोष्ट झालेलीच नाही असं धरून कुणाल दुसरीकडे बघत होता. पिन दाबली की तिचं टोक खोबणीत जायच्या ऐवजी अंगठ्यात शिरायचं, आणि बिल्ल्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं – 'उद्योगक्षेत्राचा अनुभव असलेले प्राध्यापक'. प्राध्यापक हा शब्द छातीवर यायला बारा वर्षं लागली होती, आणि तोही संध्याकाळी कार्यालयात परत जमा करायचा होता.

मूल्यांकन समिती दुपारी यायची होती. तेव्हा त्यानं वाणिज्य विभागाच्या दारात उभं राहायचं. साताऱ्याच्या या कॉलेजात लेखाशास्त्र शिकवणाऱ्यांत एखाद्या पेढीवर खरोखर बसलेला माणूस तो एकटाच; बाकीचे पुस्तकातून निघून पुस्तकातच पोचलेले. "कुणालसर, तुम्ही आमचं वैभव आहात," असं प्राचार्य म्हणाले, ते सकाळी. मग मुलाखत झाली... म्हणजे, झालेली नाही. ती नोंद पुढच्या वर्षात ढकलू. हिशेबात करतात असं – नको ती गोष्ट मार्चअखेर दाराबाहेर उभी करायची आणि एप्रिलात हळूच आत घ्यायची. करू नका, असं तो दर वर्षी पोरांना शिकवायचा. पण कसं करतात ते सांगितल्याशिवाय करू नका असं तरी कसं सांगणार, त्यामुळं पोरं तेवढंच नीट शिकायची.

खिशात फोन थरथरला. आटपाडीहून वडील. धोंडिराम, निवृत्त हवालदार, सकाळपासून ओट्यावर बसून असणार.

"काय झालं रं?"

"अजून काय न्हाई, दादा."

"कायम झालास की आदी मला सांग. तुझ्या आईला मी सांगनार."

"व्हय."

"मिलिटरीत गेला असतास तर येवाना पेन्शनीत आला असतास. बारा वरसं तासावर. गड्या, ऊसतोडीचा हंगामबी कवातरी संपतो."

"ठेवतो दादा. लोक आल्यात."

कुणी आलं नव्हतं. व्हरांडा रिकामा होता.

सकाळी मुलाखतीच्या खोलीत तिघं होते – प्राचार्य, विद्यापीठाच्या विषयतज्ज्ञ बाई, आणि एक गृहस्थ, ज्यांच्याकडं चहा ढवळण्याचं खातं असावं. अनुभव? सांगलीत हळदीच्या अडतपेढीवर सात वर्षं हिशेब लिहिला, मग इथं तासिका तत्त्वावर बारा. "तासिकेचा धरत नाही आपण," बाई समजुतीनं म्हणाल्या, "आणि पेढीचा अध्यापनात बसत नाही." म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी कुणाल तिथं नुकताच जन्मला. अंगात शर्ट होता, एवढाच फरक.

मग बाईंनी सोपा प्रश्न घातला, खरंच सोपा, बुडत्याला काडी द्यावी तसा – वर्षअखेरीला साठ्याचं मूल्यांकन करताना पहिली पायरी कोणती? उत्तर त्याला झोपेत येत होतं. खरेदीची किंमत आणि बाजारातली किंमत, यांतली कमी असेल ती. दर वर्षी फळ्यावर लिहितो मी ते. आणि तोंडातून निघालं –

"आधी कंदील सोडायचा."

कारण हळद पेवात असायची. जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार, वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, तेही मातीनं लिंपलेलं. लिंपण फोडलं तरी लगेच उतरायचं नाही, आत हवा मेलेली असते. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा आणि काठावर बसायचं. "दिवा इझला तर आपुनबी इझतो, सायेब," आप्पासो हमाल तंबाखू मळत म्हणायचा, "साठा कुटं पळून जातोय व्हय." पहिल्यांदा उतरलो तेव्हा पिवळ्या अंधारात स्वतःचाच श्वास शेजारी कुणी बसल्यासारखा ऐकू आला, आणि वर आभाळाचा बत्ताशाएवढा तुकडा... तेवढ्यात आप्पासोनं डोकावून तोही झाकला, विचारलं, "जिता हाय न्हवं?" पुढं पुराचं पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, पेढी बसली. मग कुणाल एम.कॉम. झाला. माणूस काहीतरी होतोच.

तिघं हसले. कुजकं नाही, मोकळं हसले. "रंजक आहे," बाई म्हणाल्या.

त्याच्यामागून राजवर्धन आत गेला. राजवर्धन त्याचाच विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी कॅन्टीनमध्ये अख्खा पावसाळा कुणालसमोर बसून त्यानं पेवांविषयी विचारून घेतलं आणि पेवातल्या हळदीच्या मूल्यांकनावर पीएच.डी. केली. प्रबंधात कुणाल म्हणजे 'उत्तरदाता क्रमांक एक'. क्रमांक दोन नाही.

मुलाखतीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. तोच प्रश्न, मग राजवर्धनचा स्वच्छ आवाज – "पहिली पायरी, कंदील सोडणे." चमचासुद्धा थांबला. "वा," बाई म्हणाल्या, "याला म्हणतात क्षेत्रीय निरीक्षण."

झालेलं नाही हे. दाराबाहेर उभं आहे अजून.

"सर." व्हरांड्यात राजवर्धन समोर येऊन वाकला, पायाला हात लावला. "तुमच्यामुळंच सर. मी आत तुमचं नाव घेणार होतो, पण... त्यांनी पुढचं विचारलंच नाही." तो खरं बोलत होता, हीच अडचण होती. हरामखोर असता तर केवढी सोय झाली असती.

"चांगलं झालं," कुणाल म्हणाला. नोंद आत आली.

"द्या, मी लावतो." राजवर्धननं पिन दातात धरून सरळ केली आणि बिल्ला त्याच्या छातीवर बेतानं टोचला, नवरदेवाला तयार करावं तसा. फोन परत थरथरत होता. जिन्यावर बुटांचे आवाज, पुढं प्राचार्यांचा आवाज – "आणि हे आमचे प्रत्यक्ष व्यवहारातून आलेले..." कुणाल ताठ उभा राहिला, हसला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वास रोखून धरलाय, कुणीतरी वर दोरी धरून बसलं असेल अशा भरवशावर. खिशातला फोन थांबला. डोक्यात, सवयीनं, एक अर्ज आपोआप उमटत गेला –

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार तूर्त खाली आहे. दिव्याबाबत निश्चित सांगता येत नाही. तरी अर्जदार वर येईपर्यंत पेवाचे तोंड लिंपण्यात येऊ नये, तसेच मधून मधून कुणीतरी डोकावून अर्जदार जिवंत आहे किंवा कसे याची विचारणा करीत जावी, ही नम्र विनंती.