पांढऱ्या खुंट्यांपलीकडची पंचवीस झाडं

मी एक जुनी खुरपी आहे, मित्रांनो, आणि मला बोलायला फार उशीर झाला आहे. तुमच्याकडचं खुरपं बसून काम करतं. अमेरिकेत, आर्कान्सातल्या कापसाच्या सपाट मैदानात बसून भागत नाही. तिथे आम्हाला पाच फुटांचा दांडा असतो आणि आम्ही दिवसभर उभ्या असतो.

माझी गोष्ट मला सलग सांगता येत नाही. ती जिथे घडली त्या शेतात जमिनीचे लहान लहान वाफे पाडले होते. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक खुंटी होती, आणि त्या वाफ्याचं काय करायचं ते तिच्यावर लिहिलं होतं. मी खुंटी-खुंटीला थांबत सांगते. समजून घ्या.

खुंटी : हाताने स्वच्छ ठेवणे

नांगराच्या फुटक्या तव्यातून लोहाराने माझं पातं कापलं. दांडा हिकरी नावाच्या चिवट लाकडाचा. तो ईझ्रा टब्ज यांनी काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केला आणि मला त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या, व्हर्लीनच्या हातात दिलं.

"मातीखाली अर्धं बोट," ते म्हणाले. "वरून कापलंस तर चार दिवसांत पुन्हा उभं राहील आणि तुला हसेल. आणि कापलेलं शेतात टाकायचं नाही. पडल्या जागी मूळ धरतं ते. चरात नेऊन फेकायचं."

ज्या तणाबद्दल ते बोलत होते त्याला तुम्ही रानमाठ म्हणा. तुमच्या राजगिऱ्याच्या भावकीतलंच आहे. दिवसाला दोन बोटं वाढतं. सोडलं तर माणसाच्या डोक्यावर जातं, आणि एका मादी झाडाला लाखांनी बी येतं.

सत्तेचाळीस उन्हाळे मी व्हर्लीनच्या हातात काढले. पहाटे ट्रक यायचा, वीस-बावीस बाया उभ्या राहून शेतावर जायच्या, आणि व्हर्लीन पहिली ओळ धरायची. दुपारी चराकाठी डब्यातले मासे आणि खारी बिस्किटं खाताना ती मला कानस लावायची.

"व्हर्लीन, जरा हळू गं," मागून कुणीतरी ओरडायचं, "कापूस घाबरून गळेल!"

"तू तुझी ओळ बघ. तिथे गाय लपली तरी सापडणार नाही इतकं तण आहे."

टब्जांच्या शेतात रानमाठ दिसत नाही, असं सगळा परगणा म्हणायचा. मित्रांनो, त्या एका वाक्यावर ती जगली. आणि तेच आम्हाला भोवलं.

खुंटी : एक फवारा

मग नवं बियाणं आलं. फवारा मारला की शेतातलं सगळं मरायचं, फक्त कापूस उभा राहायचा. बायांचा ट्रक यायचा बंद झाला. मला पडवीत खिळ्याला टांगलं. सहा वर्षांत मी एक साप मारला, बस.

व्हर्लीनचा भाचा क्लीओफस, ईझ्रांच्याच एकशे साठ एकरांत आता कापूस करायचा. तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "आत्या, ही जत्रेत ठेव. पोरं विचारतील, हे कुठलं हत्यार."

"ठेवते. शेजारी तुलाही बसवते. पोरं विचारतील, हा कुठला आळशी."

पण एका वसंतात हॅकबेरी स्लू गावच्या शेती संशोधन केंद्राचे डॉक्टर लॉफ्टिस दारात आले. त्यांना प्रयोगातले काही वाफे हाताने खुरपून अगदी स्वच्छ ठेवायचे होते. बाकीच्या वाफ्यांची तुलना त्यांच्याशी व्हायची होती. ते काम करू शकणारं माणूस परगण्यात उरलं नव्हतं.

व्हर्लीन सदुसष्ट वर्षांची होती. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि आधी कानस लावली.

खुंटी : (अक्षरं पावसाने पुसलेली)

इथे मला घाई होते आहे. पण तुम्हाला कळायला हवं, म्हणून सावकाश सांगते.

आदल्या वर्षी क्लीओफसच्या बांधाजवळ रानमाठाची पाच झाडं फवारा मारूनही जगली होती. पुन्हा मारला, तरी जगली. त्याने त्यांचं बी कागदी पिशवीत घालून गुपचूप डॉक्टरांना नेऊन दिलं होतं. गुपचूप अशासाठी, की टब्जांच्या शेतात रानमाठ उभा आहे हे आत्याला कळलं असतं तर तिने जेवू दिलं नसतं.

डॉक्टरांनी तेच बी वाफ्यांत पेरलं. सोळा वाफे. चारांत काहीच करायचं नाही. चार हाताने स्वच्छ, त्यांना पांढऱ्या खुंट्या. उरलेल्या आठांवर फवारा, कुठे एक, कुठे दोन, त्यांना निळ्या खुंट्या. निळ्या वाफ्यांत झाडं वाचली, तर तणाने फवारा पचवायला सुरुवात केली असा अर्थ. मग साऱ्या परगण्याला सावध करायचं, पुढच्या हंगामाची रीतच बदलायची.

हे सगळं मला नंतर कळलं. व्हर्लीनलाही नंतरच. तिला फक्त इतकं सांगितलं होतं :

"मिस व्हर्लीन, पांढऱ्या खुंट्यांतच हात घाला. बाकीच्यांना लावू नका."

"बरं, डॉक."

त्यांनी कारण दिलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

फवाऱ्यानंतर चौदाव्या दिवशी डॉक्टर निळ्या वाफ्यांतून फिरले. काही रोपं पिवळी पडून मान टाकून उभी होती. "मरतील बहुतेक," त्यांनी वहीत लिहिलं. "दोन आठवड्यांनी पुन्हा बघणे."

विसाव्या दिवशी त्या रोपांना नवी हिरवी पानं फुटली होती. गुडघ्याएवढी झाली होती. व्हर्लीन पांढरे वाफे संपवून निळ्यांपाशी थांबली. त्या आठवड्यात बाहेरगावची मंडळी प्रयोग पाहायला येणार होती.

"बिचारा डॉक," ती मला म्हणाली. कामात ती माझ्याशीच बोलायची. "इतकं शिकला आणि औषध अर्धवट निघालं. चार लोकांत नापास होईल गं पोरगं." मग रस्त्याकडे बघून म्हणाली, "आणि लोक म्हणतील, व्हर्लीन टब्जने खुरपलं म्हणे. हे बघा."

मित्रांनो, मी का नाही अडखळले? दगडाला का नाही लागले? मला धार होती आणि मला तेच येत होतं. मातीखाली अर्धं बोट. एक. दोन. पाच. अकरा. माती वरून सारखी केली, बुडखासुद्धा दिसेना. पंचवीस झाडं तिने कवेत घेऊन दूरच्या चरात फेकली. तिने ती मोजली, कारण कामाच्या दिवसाचा हिशेब ती झाडांत ठेवायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टर आले. दर वाफ्याला थांबून नजरेने गुण द्यायचे : शून्य म्हणजे सगळं तण जिवंत, शंभर म्हणजे सगळं मेलेलं.

"शंभर. शंभर. शंभर. मिस व्हर्लीन, एक नाही उरलं हो!"

ती गालातल्या गालात हसली. आणि मी तिच्या हातात…

खुंटी : दोन फवारे

निकाल परगण्याच्या शेतीपत्रिकेत छापून आला. रानमाठावर फवारा पूर्ण लागू आहे, पेरणीआधीच्या जुन्या महागड्या औषधाची गरज नाही. कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या भिंतीवर तो कागद डकवला. डॉक्टर क्लीओफसला तिथेच भेटले.

"तुम्ही दिलेल्या तणाच्या बियांत काही दोष नाही. पंपाच्या तोट्या साफ करा. आणि रोपं बोटभर असतानाच मारा."

"डॉक्टर, मी बोटभर असतानाच मारतो."

बाकावरची माणसं ऐकत होती.

"क्लीओफस, टाकीत नुसतं पाणी घालतोस का रे?"

"अरे, तो रानमाठाला मारत नाही. बाप्तिस्मा देतो!"

व्हर्लीन तिथे नव्हती. क्लीओफस घरी आला आणि तोट्या काढून धुवायला लागला. त्या स्वच्छच होत्या. पेरणीआधी जमिनीवर मारायचं जुनं औषध त्याने पुढच्या वर्षी घेतलं नाही. मोठ्या माणसाने छापून सांगितलं होतं. त्याने फवाऱ्यावर भरवसा ठेवला. साऱ्या परगण्याने ठेवला.

खुंटी : काहीच न करणे

पुढच्या जुलैत क्लीओफसचं शेत असं दिसत होतं, की जणू तिथे कधी माणूस फिरकलाच नव्हता. दोनदा फवारलं होतं, आणि कापसाच्या डोक्यावर हातभर रानमाठ उभा होता. खोडं मनगटाएवढी.

डॉक्टर धावत आले. एक झाड वाकवून बघितलं, दुसरं बघितलं.

"हे शक्य नाही. हेच बी मी गेल्या वर्षी आठ वाफ्यांत पेरलं होतं. एक झाड वाचलं नाही."

व्हर्लीन मला घेऊन बांधावर उभी होती. "कुठलं बी?"

"क्लीओफसचं. याच बांधावरचं."

"निळ्या खुंट्यांत?"

"हो. का?"

तिने मला जमिनीत रोवलं आणि माझ्यावर भार टाकला. एवढा भार तिने माझ्यावर कधीच टाकला नव्हता.

"पंचवीस होती," ती म्हणाली. "हिरवीगार. मी कापली."

वारा रानमाठातून जात होता. क्लीओफस आधी हसला. मग हसू थांबलं.

"गिरणीवर मला बाप्तिस्मावाला म्हणतात, आत्या. वर्षभर. मी माझ्या तोट्या धुत बसलो गं."

"मला वाटलं, डॉक नापास होतोय."

"नापास व्हायचंच होतं मला," डॉक्टर म्हणाले. ते गाडीच्या मागच्या फळीवर बसले होते, टोपी हातात. "त्यासाठीच तर पेरलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही मी. कुणालाच नाही सांगितलं."

"विचारलं नाही मीही."

डॉक्टरांनी मादी झाडाचं कणीस चोळून पाहिलं. बी अजून कोवळं होतं. "दहा दिवस," ते म्हणाले. "त्याआधी हे संपलं नाही, तर वारा आणि पाणी याला साऱ्या परगण्यात नेतील. माझा कागद अजून भिंतीवर आहे."

"मग चला," व्हर्लीन म्हणाली आणि मला उपटून घेतलं.

चर्चमधल्या चार बाया आल्या. सगळ्यांत तरुण बाई एकसष्टची. जुन्या खुरप्या पडव्यांतून निघाल्या, गंजलेल्या, सैल झालेल्या. एके काळी वीस जणी होत्या आणि रोपं बोटभर असायची. आता पाच जणी, आणि समोर झाडं. तीन दिवसांत चार एकर झाले. एकशे साठातले चार. चौथ्या दिवशी एक बाई उन्हाने ओळीतच बसली, तिला उचलून न्यावं लागलं. व्हर्लीनच्या तळहातांना फोड आले, फुटले, माझा दांडा चिकट झाला. मी घाव घालत होते आणि खोडं नुसती वाजत होती. मला ओरडायचं होतं, की मी करू शकते, मला अजून एक संधी द्या, मी सत्तेचाळीस वर्षं हेच…

दांडा मधोमध मोडला.

तिने दोन्ही तुकडे हातात घेतले. पुन्हा जोडून धरून पाहिले. मग त्या ओळीतच खाली बसली.

खुंटी नाही

नांगराच्या तव्यांची रांग ट्रॅक्टरला जोडायला क्लीओफसला सकाळ लागली. सगळं शेत मोडायचं, कापसासकट. बोंडं धरली होती. ईझ्रांनी ही जमीन घेतल्यापासून तिच्यातलं उभं पीक कुणी मोडलं नव्हतं.

"तू म्हणशील तर मी थांबतो, आत्या," तो म्हणाला. "अजून माणसं शोधू."

"माणसं नाहीत रे, बाळा. चालव."

तो चालवू लागला. कापूस आणि रानमाठ एकाच घासात खाली जात होते. मी आता पातं आणि अर्धा दांडा. व्हर्लीनच्या मांडीवर होते. तिचे डोळे कोरडे होते. रडणं बरं, असं मला तेव्हा वाटलं.

शेवटचा कोपरा राहिला तेव्हा ती एकदम उठली आणि ट्रॅक्टरपुढे जाऊन हात वर केले.

"डॉक, वही आणलीत का?"

"मिस व्हर्लीन, आता मोजून काय होणार?"

"भिंतीवर शंभर लिहिलंय तुम्ही. बाकीचे अजून तेच वाचतायत. ते खोडायला काय दाखवणार, माझी मोडकी खुरपी?"

डॉक्टरांनी वही काढली. ती झाडांत शिरली. प्रत्येक खोडाला हात लावायची आणि मोठ्याने आकडा सांगायची. क्लीओफसने इंजिन बंद केलं नाही, पण गाडी पुढेही घेतली नाही.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो, आम्हाला जपा, तेलपाणी करा. मला काही नको. माझ्यासारख्या खुरप्या लोहार पुन्हा करील. पण तुमच्या शेतात, तुमच्या कारखान्यात कुणीतरी हत्यार हातात घेऊन उभं असेल. त्याला नुसतं काय करायचं ते सांगू नका. कशासाठी, तेही सांगा. आणि ते हत्यार तुमच्याच हातात असेल, तर घाव घालण्याआधी विचारा. मला विचारता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.

"बासष्ट," व्हर्लीन म्हणाली. "लिहिलं का, डॉक? त्रेसष्ट."