उजव्या पायाचा बूट

भर दुपारी नीलाताईंनी बैठकीचे पडदे ओढून घेतले. बाहेर अंगणभर बर्फ पडून राहिला होता आणि त्याची चकाकी थेट टीव्हीवर येत होती. जेवणं आटोपली होती, सुनेनं, ऋतानं, भांडी डिशवॉशरला लावली होती, आणि नाताळच्या सुट्टीसाठी जर्सी सिटीहून नेपरव्हिलला आलेलं लेकाचं बिऱ्हाड सोफ्यावर पाय पसरून आईच्या सहलीचे फोटो बघायला बसलं होतं.

"चला, नान दाखव," प्रसाद म्हणाला. "नान झालं की कुलचा, मग रोटी."

"प्रांताचं नाव आहे ते. थायलंडच्या उत्तरेला. आणि हा विनोद तू सप्टेंबरपासून सातव्यांदा करतोयस."

"आठव्यांदा, आई," ऋता म्हणाली. "एकदा तुम्ही विमानतळावर होतात तेव्हा फोनवर झाला."

सगळे हसले. नीलाताईही हसल्या, पण पाय त्यांनी शालीखाली ओढून घेतले. हे नुसतं फोटो बघणं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. परीक्षा होती ही.

चार वर्षांपूर्वी नीलाताईंचे यजमान राजीव गेले, तेव्हापासून प्रसादनं एकच धोशा लावला होता. एवढ्या घरात एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये, सत्ताविसाव्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे, खिडकीतून नदी दिसते. खोली चांगली होती. नदीही चांगली होती. पण या घरात कुठल्या महिन्यात कुठल्या खिडकीतून ऊन आत शिरतं आणि जिन्याची कितवी पायरी कुरकुरते, हे नीलाताईंना डोळे मिटून सांगता येत होतं. सत्तर पुरी झाली तरी आपला पाय अजून आपल्याला विचारूनच पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबरात त्यांनी एकटीनं थायलंडला जायचं काढलं, तेव्हा प्रसादनं फोनवरच अट घातली होती.

"ओके आई, डील करू. एकटी जाऊन, काही न होता परत आलीस, तर मी घराचा विषय पुन्हा काढणार नाही. पण काही झालं, एनिथिंग, तर मार्चमध्ये पॅकिंग."

"कबूल," त्या म्हणाल्या होत्या.

आणि काही झालं होतं.

म्हणून त्यांनी साठ फोटो निवडून वेगळा अल्बम केला होता. एकसष्टावा, सगळ्यांत चांगला, त्यातून काढून ठेवला होता. पण नात केया तेरा वर्षांची होती आणि तिला धीर नव्हता.

"आजी, तुझा अल्बम लोडच होत नाहीये. मी डायरेक्ट तुझ्या फोनवरून लावते, ओके?"

नीलाताई काही बोलायच्या आत पहिला फोटो टीव्हीवर आला.

देवळातलं भिंतीवरचं जुनं चित्र होतं ते. अंगभर गोंदलेला एक पुरुष तळहाताचा आडोसा करून एका बाईच्या कानात काहीतरी सांगतो आहे, आणि बाई डोळ्यांच्या कोपऱ्यातून भलतीकडेच बघते आहे.

"व्हॉट इज ही सेइंग?" केयानं विचारलं.

"ते कुणालाच माहीत नाही. तिथले लोक म्हणतात, प्रेमाचं काहीतरी."

"प्रेमाचं कुठलं?" ऋता म्हणाली. "'आईला सांगू नकोस' म्हणत असेल. तिचा चेहरा बघ ना."

नीलाताईंनी शाल नीट केली.

पुढे टेकडीवरची बुद्धाची उभी सोनेरी मूर्ती आली. तिच्या पायाशी सगळं खोरं पसरलेलं, कापणी झालेली भातखाचरं, मधूनच धुराची एक रेघ. मग राखीव रानातला धबधबा, वाळल्या पानांनी झाकलेली वाट, आणि त्या वाटेवर कंबरेवर हात ठेवून उभी असलेली एक चाळिशीची बाई.

"ही नोई. हिच्याच गाडीतून फिरले मी पाच दिवस. इंग्रजी माझ्या थाईइतकंच, पण आमचं काही अडलं नाही."

"लायसन्स होतं ना तिच्याकडे?" प्रसाद म्हणाला.

"मी तपासलं नाही. तिनंही माझी डॉक्टरकीची डिग्री तपासली नाही."

मग मिठाचं गाव आलं. समुद्र शेकडो मैलांवर, आणि इथे डोंगराच्या कुशीत खाऱ्या पाण्याच्या विहिरी. बायका पाणी शेंदून मोठमोठ्या कढयांत आटवत बसलेल्या, वर टांगलेल्या टोपल्यांतून ओलं मीठ निथळतंय. नीलाताई सांगत गेल्या आणि सांगता सांगता परीक्षा विसरल्या. त्यांच्या आईला दिसेल त्या गोष्टीवर ओवी जुळवायची सवय होती. आई गेल्यावर ती सवय दागिन्यासारखी लेकीकडे आली होती. त्या पाच दिवसांत नीलाताईंनी मिठावर एक, धबधब्यावर एक, नोईच्या गाडीच्या हॉर्नवर एक अशा ओव्या जुळवल्या होत्या.

"थांब, केया," प्रसाद एकदम म्हणाला. "झूम कर. खाली, डाव्या कोपऱ्यात."

दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हेच प्रसादचं काम होतं, आणि ते डोळे तो सुट्टीतही काढून ठेवत नसे. टीव्हीवर एका खेड्यातलं छोटं देऊळ होतं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फणा काढलेले चुन्याचे नाग. डावीकडच्या नागाच्या शेपटीपाशी करड्या रंगाचा एक बूट, आणि पार दुसऱ्या टोकाला, बाकाखाली, दुसरा.

"आई! तू अजून तसंच करतेस?"

"काय करतात?" ऋतानं विचारलं.

"जोडी फोडून ठेवते. नाशिकला आजोबांबरोबर देवळात गेलो की एक चप्पल या खांबाला, एक त्या खांबाला. चोराला जोडी मिळाली नाही की तो नेत नाही, अशी थिअरी. परत येताना आमचं अर्धं दर्शन चपला शोधण्यात जायचं."

"बट आजी, तिथे कोण चोरणार?" केया हसत सुटली.

"कुणीच नाही," नीलाताई म्हणाल्या. "देऊळ दिसलं की हात आपोआप तसे जातात. डोकं मागून येतं."

त्यांचं डोकं आताही मागूनच आलं. पुढचा फोटो कोणता, हे त्यांना हसू ओसरता ओसरता आठवलं. टीव्हीवर एका वेळी एकच फोटो दिसत होता, पण केयाच्या हातातल्या फोनवर खाली पुढच्या फोटोंची चिमुकली रांग दिसत होती. नीलाताईंनी नातीच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा थांबला होता. केयानं फोन जवळ धरला, मग आजीच्या शालीकडे पाहिलं, जिथे पाय होते तिथे.

अंगठा दोनदा सरकला. टीव्हीवर बाजारातली संत्री आली.

"मधला ब्लरी होता," केया म्हणाली. मग ती आजीकडे कलंडली आणि तळहाताचा आडोसा करून कानात म्हणाली, "आय सॉ इट, आजी. डोन्ट वरी. मी नाही सांगणार."

नीलाताई भलतीकडेच बघत राहिल्या.

संत्री झाली, संध्याकाळचा बाजार झाला, परतीच्या वाटेवरची साग-बांबूची रानं झाली. प्रसादनं आळस दिला. तो खूश दिसत होता आणि थोडासा हरल्यासारखाही.

"मस्त झाली की ट्रिप! मानलं तुला," तो म्हणाला. "पण आई, तू तर ते धुकं बघायला गेली होतीस ना? डोंगरावरून दिसतं ते, ढगांच्या समुद्रासारखं? सहा महिने त्याचे व्हिडिओ पाठवत होतीस. तो फोटो कुठाय?"

सोपं होतं. त्या दिवशी धुकं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द, आणि घर राहिलं असतं, खिडक्या राहिल्या असत्या, कुरकुरणारी पायरी राहिली असती. नीलाताईंनी तोंड उघडलंही. पण ते धुकं त्यांनी पाहिलं होतं. आपल्या पायाबद्दल खोटं त्या आरामात बोलल्या असत्या. त्या धुक्याला "नव्हतं" म्हणणं त्यांना जमेना.

"केया, मागे जा," त्या म्हणाल्या. "तुझा तो ब्लरी लाव."

"आजी, आर यू शुअर?"

"लाव."

फोटो आला. लाकडी फळ्यांच्या मचाणावर पुढे पसरलेले दोन पाय. उजव्या पायात करडा बूट. डाव्या पायात हिरवी रबरी सपाता, दोन मापं मोठी, आणि घोट्याला गच्च बांधलेलं पिवळं फडकं. पायांच्या पलीकडे जमीन नव्हतीच. पांढरं धुकं क्षितिजापर्यंत भरून राहिलं होतं, त्यातून डोंगरांचे काळे माथे वर आले होते, आणि कडेला सूर्य नुकता बाहेर डोकावत होता.

प्रसाद सोफ्यावर पुढे सरकून बसला. डिशवॉशरचा आवाज तेवढा येत होता.

"पायाला काय झालंय?" प्रसादनं विचारलं. आवाज खालचा होता.

"मुरगळला. हाड मोडलं नव्हतं. तीस वर्षं एक्स-रे वाचलेत मी, कुठे दाबलं की काय कळतं ते मला कळतं."

"कसा मुरगळला?"

मग नीलाताईंनी सगळं सांगितलं. देवळात त्या अर्धा तास बसल्या. बाहेर आल्या तर नागाजवळचा उजवा बूट जागेवर, बाकाखालचा डावा गायब. देवळाचं अंगण झाडणाऱ्या म्हातारीनं तो उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकला होता, आणि गाडी निघून गेली होती. नोईनं हातवाऱ्यांनी दुभाषेपणा केला तेव्हा म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पुन्हा पुन्हा हात जोडले, घरी जाऊन केळ्यांचा फणा आणून दिला. नोईनं गाडीतली आपली सपाता दिली. उजव्या पायात बूट, डाव्यात सपाता अशा नीलाताई डोंगराच्या पायऱ्या चढायला लागल्या आणि विसाव्या पायरीवर, दवानं ओल्या झालेल्या दगडावर, सपाता निसटली.

"रात्री नोईच्या आईनं फडक्यात कसला तरी पाला बांधून वाफवला आणि शेकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो."

"परत? त्या पायानं?"

"बसत बसत. एकशे ऐंशी पायऱ्यांना दोन तास लागले. नोई दर दहा पायऱ्यांवर मला शिव्या देत होती. थाई मला कळत नाही, पण शिव्या कळतात."

ऋताला हसू आवरलं नाही. प्रसाद हसला नाही.

"आणि मला रोज मेसेज करत होतीस. ऑल वेल."

"त्या दिवशीही केला. ते खोटं होतं, प्रसाद." त्यांनी शाल बाजूला केली. घोट्यावर अजून सुजेची पुसट गोलाई होती. "डील तुझी होती, पण कबूल मी केलं होतं. तू म्हणशील तर मार्चमध्ये खोकी बांधते."

प्रसादनं रिमोट उचलला, परत ठेवला.

"पण तिनं बूट टाकलाच का?" तो म्हणाला. जणू जगात तेवढाच एक प्रश्न उरला होता. "चांगला नवा बूट होता. मीच घेऊन दिला होता."

"जोडी असती तर तिनं हातही लावला नसता. एकटा दिसला, म्हणून तिला वाटलं, हा आता कुणाचाच नाही." नीलाताई टीव्हीकडे बघत होत्या. "वाईट हेतू नव्हता रे तिचा. चांगलंच करायला गेली."

प्रसादनं आईकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. केयानं फोन खाली ठेवला होता, त्यामुळे धुकं तसंच समोर राहिलं.

"यावर पण ओवी केलीस का, आजी?" केयानं हळूच विचारलं.

"केली ना." नीलाताईंनी आवाज चढवला नाही, ताल फक्त गुडघ्यावर धरला.

"धुक्याच्या गं समुद्रात, डोंगराचं झालं बेट,
दूर देशी आले बाई, माझी मला झाली भेट."

केयाला त्यातलं निम्मं कळलं असावं. तिनं फोटो स्वतःच्या फोनवर पाठवून घेतला. घराचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आणि न काढलेला तो विषय जेवणाच्या टेबलावर पाचव्या माणसासारखा बसून राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी ते निघाले. केया आणि ऋता गाडीत जाऊन बसल्या होत्या. प्रसाद गॅरेजकडच्या दारात कचऱ्याच्या पिशवीचं तोंड बांधत होता. नीलाताई डबा भरता भरता स्वयंपाकघरातून त्याला बघत होत्या. दाराजवळच्या रॅकवर त्यांचे बर्फातले बूट होते, घरातल्या सपाता होत्या, आणि खालच्या खणात करडा, उजव्या पायाचा, एकटा बूट होता.

प्रसादचा हात तिकडे गेला. त्यानं बूट उचलला. पिशवीचं तोंड पुन्हा सैल केलं.

नीलाताईंच्या हातातलं झाकण डब्यावर तसंच राहिलं.

प्रसाद बूट हातात घेऊन उभा राहिला. त्यानं तो उलटा केला, तळव्याच्या खाचांत अडकलेली तांबडी माती अंगठ्यानं थोडी खरवडून बघितली. मग वाकून त्यानं तो होता त्याच खणात, होता तसाच ठेवला आणि पिशवीला गाठ मारली.

"आई," तो आत न बघताच म्हणाला, "मागच्या पायरीवर मीठ टाकलंय मी, बर्फ धरणार नाही. उरलेली पिशवी गॅरेजमध्ये आहे. मार्चपर्यंत पुरेल."

"आणि मार्चनंतर?"

"मार्चनंतर बर्फ पडतो का?" प्रसादनं पिशवी खांद्यावर टाकली. "पुढच्या थंडीत नवी आणू. डबा झाला का? उशीर होतोय."