गरम जॉब

भाचीची ही तिसरी आणि शेवटची संधी होती. पुढल्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. पाणीपुरवठा खात्यातील कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा, शंभर प्रश्न आणि दोन तास. मागच्या खेपेला ती दोन गुणांनी हुकली होती. एका कार्यालयात बसून ती जलवाहिन्यांचे नकाशे काढे, आणि तिच्यानंतर रुजू झालेले लोक त्यांवर सह्या करत. हे शल्य ती बोलून दाखवत नसे, पण पेन्सिलीला टोक करताना तिच्या हातांतून ते जाणवे.

दर रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर ती सराव परीक्षा देई. मी घड्याळ लावून समोर बसे. सहा रविवारांनंतर मी तिच्या उत्तरपत्रिका उजेडाकडे धरून तपासल्या. रबराने पुसलेली खूण कागद लपवत नाही.

"मामा, वेळच पुरत नाही हो," ती म्हणाली.

"पुरतो. वीस मिनिटे उरतातसुद्धा. त्या वीस मिनिटांत तू केलेल्या कामाची नासाडी करतेस." मी तक्ता पुढे सरकवला. "अडतीस उत्तरे बदललीस. तेवीस बरोबर होती, ती चुकवलीस. सहा सुधारलीस. उरलेली नऊ आधीही चूक, नंतरही चूक."

तिचा चेहरा उतरला. चहा घेऊन आलेली माझी पत्नी म्हणाली, "आणि हे तुम्ही आज सांगताय? सहा रविवार नुसते पंचासारखे बसून राहिलात!"

"पुरेसे नमुने जमल्याखेरीज निष्कर्ष काढू नये."

"ऐकलंस ना गं? लग्नाला होकार द्यायलाही यांनी सात महिने नमुने जमवले होते."

भाची हसली, पण लगेच गंभीर झाली. "शेवटी शेवटी छाती धडधडते, मामी. मग प्रत्येक उत्तर चुकलंय असंच वाटतं."

कागद उडू नयेत म्हणून टेबलावर पोलादाचा एक गोल तुकडा ठेवलेला असतो. इतके दिवस ती तो उचलत-ठेवत होती. तो काय आहे, हे तिने कधी विचारले नव्हते. मी तो तिच्या हातात दिला.

"हा माझ्या नोकरीतला पहिला दंड, म्हणजे यंत्राचा शाफ्ट. चाळीस मिलिमीटर जाडीचा हवा होता. लेथवरून उतरवला तेव्हा चटका बसेल इतका गरम होता. फोरमन घाई करत होता, म्हणून मी तसाच मोजला. माप मिलिमीटरच्या तीन शतांशांनी जास्त आले. मी तेवढे आणखी कातून काढले."

"आणि गार झाल्यावर?"

"आकसला. बेअरिंगमध्ये खुळखुळायला लागला. मुळात माप बरोबरच होते. गरम जॉबवर, म्हणजे लेथवरच्या तापलेल्या तुकड्यावर, मी विश्वास ठेवला. फोरमनने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, 'साहेब, हा सांभाळा. कॉलेजात हे शिकवत नाहीत.'"

ती बराच वेळ तो दंड तळहातावर फिरवत राहिली.

मग आम्ही नियम ठरवला. उत्तर बदलावेसे वाटले की पेन्सिल खाली ठेवायची. दोन्ही तळवे टेबलावर, दहा श्वास. नंतर तो प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचा. चूक नेमकी कुठे झाली हे दाखवता आले, तरच रबर उचलायचे. नुसते वाटते म्हणून नाही. पुढल्या रविवारी तिने चार उत्तरे बदलली. त्यानंतरच्या रविवारी दोन.

परीक्षेच्या दिवशी दुपारी ती थेट आमच्याकडे आली. बूटही न काढता म्हणाली, "चौसष्टावा प्रश्न. रबर हातात घेतलं होतं, मामा. चूक काही सापडेना. ठेवून दिलं."

तेवढ्यात तिच्या फोनवर कुण्या शिकवणीवर्गाची उत्तरे येऊन थडकली. मी घाईने चष्मा चढवला आणि प्रश्नपत्रिकेकडे हात केला. तिने शांतपणे फोन पालथा घातला, प्रश्नपत्रिकेची घडी केली आणि तिच्यावर तो दंड ठेवला.

"बसा आता," पत्नी मला म्हणाली. "गुरूची विद्या गुरूला."

परीक्षा मंडळाची अधिकृत उत्तरे चार दिवसांनी आली. तिने तीन उत्तरे बदलली होती; त्यांतली दोन सुधारली होती, एक आधीपासूनच चुकीचे होते. चौसष्टावे बरोबर होते.

निवड यादी दीड महिन्याने लागली. तिचा क्रमांक खालून पाचवा होता. मी चष्मा काढून ठेवला, दोन्ही तळवे टेबलावर टेकवले, दहा श्वास घेतले आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

क्रमांक तिथेच होता.