गॅदरचे चार अर्थ

उमरखेडजवळच्या एका खेड्यात कौसल्येच्या हाताला कापूस वेचण्यात तोड नव्हती. पण बासष्टच्या हिवाळ्यात घरात कौतुक चालायचं ते तिच्या धाकट्या जावेचं. प्रभावती बाहेरून मॅट्रिकला बसणार होती. छप्पन साली बुद्धधम्म घेतला तेव्हाच सासरे डोमाजींनी मनाशी धरलं होतं, घरातलं एक माणूस तरी मॅट्रिक झालं पाहिजे. म्हणून कौसल्या कापूस वेचायला कमरेला ओटी बांधून वावरात जायची आणि प्रभावती वही घेऊन ओसरीवर बसायची. कौसल्येची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती.

एका संध्याकाळी प्रभावती सासऱ्यांना 'गॅदर' हा इंग्रजी शब्द समजावत होती. "फुलं वेचली तरी गॅदर, माणसं जमली तरी गॅदर. झग्याले चुण्या घातल्या तरी तेच. अन् कोणाच्या बोलण्यावरून आपण काही ताडलं, तरी गॅदरच."

"एका शब्दात एवढं?" डोमाजी म्हणाले, आणि शेजाऱ्याला हाक मारून त्यालाही ऐकवलं.

चुलीपाशी कौसल्येची भाकरी करपली. दिवसभर वेचायचं आपण, आणि त्याचा अर्थ सांगून शाबासकी घ्यायची हिनं.

सकाळी कापसाची गाडी उमरखेडला निघाली, तेव्हा प्रभावतीची वही कौसल्येनं त्या कापसात खोल कोंबली.

"बाई, माही वही पाह्यली का?" प्रभावतीनं दुपारी विचारलं.

"मले काय मालूम?"

प्रभावती रडली नाही. नवी वही आणून आठवेल तसं लिहू लागली. तिसऱ्या दिवशी ती अडली. "वेचणं, जमणं, ताडणं. गॅदरचे तीन सापडले. चौथा आठवून नाही राह्यला."

"चुण्या," पीठ मळता मळता कौसल्या बोलून गेली.

प्रभावतीनं पेन्सिल खाली ठेवली. "तुमी आयकत होत्या?"

"कानावर पडे."

"मंग वही कुठी गेली तेही तुमाले मालूम असन."

कौसल्येचे हात पिठातच थांबले. "गाडीतल्या कापसात टाकली मी."

"काहून?"

"तू बसून वाचते म्हणून. मले कोणी बसू नाही देल्लं म्हणून."

प्रभावती उठून बाहेर गेली. चार दिवस ती बोलली नाही. पण तिनं सासऱ्यांनाही काही सांगितलं नाही, आणि कौसल्येला तेच जास्त लागलं. पाचव्या दिवशी कौसल्या आपण होऊन तिच्यापुढे बसली आणि दोन महिने कानावर पडलेलं आठवेल तेवढं सांगत गेली. प्रभावती लिहीत गेली. चुकलं तिथं कोरडेपणानं सुधारत गेली.

प्रभावती पास झाली. पुढं महागावकडच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. निघताना तिची ट्रंक कौसल्येनंच उचलून दिली. आनंद व्हावा असं तिला फार वाटत होतं, पण झाला नाही. उरात जळायचं ते जळतच होतं.

एस.टी. गेल्यावर ती डोमाजींना म्हणाली, "मामाजी, मले सातवीले बसायचं हाये."

"वावर कोण पाहीन?"

"पाहू," कौसल्या म्हणाली.

डोमाजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सोमवारी कौसल्या एकटीच शाळेत गेली आणि फॉर्म घेऊन आली.