म्हशीला आवडलेली खीर

मुरबाडहून म्हशाकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मालूची बालवाडी भरे. पोरांना अक्षरं नाही आली तरी चालतील, पण चांगलं वळण लागलं पाहिजे, असं वरून सांगणं होतं. म्हणून मालू रोज त्याच दमलेल्या आवाजात विचारी, "शेजारी नवीन माणसं आली तर?"

"हसायचं!" पोरं ओरडत.

"कुणी खाऊ दिला तर?"

"थँक्यू म्हणायचं! कसा झाला ते सांगायचं!"

"आणि?"

"खोटं नाय बोलायचं!"

यात सगळ्यांत मोठा आवाज मालूच्याच पोरीचा, हिरीचा असे.

त्या वर्षी मालूच्या भिंतीला लागूनच्या खोलीत भाडेकरू आले. तालुक्याच्या कचेरीतला कारकून नरेंद्र, त्याची बायको पौर्णिमा आणि हिरीच्याच वयाची रश्मी. मालूची सासू बाईजा पहिल्याच दिवशी 'मीठमिरची लागली तर सांगा' म्हणायला गेली आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहून परत आली.

"माणसं चांगली हायत," ती म्हणाली. "पण आपल्यातली नाय."

बाईजा भांडखोर नव्हती. पौर्णिमाकडून डबा आला की ती हसून घेई. आतलं गोठ्यात म्हशीपुढे ओती, डबा राखेने दोनदा घाशी आणि मूठभर तांदूळ घालून परत धाडी. शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही त्या घराची रीत होती. पौर्णिमाचा हात सढळ होता. वर्षभरात म्हैस चांगली अंगाने भरली.

मालूला हे दिसत होतंच. पण बालवाडी, शेणपाणी, भाकऱ्या एवढं झाल्यावर सासूशी वाद घालायला अंगात काही उरावं लागतं. 'उद्या बोलू,' असं म्हणून ती रोज आडवी होई.

बुद्धजयंतीला खीर आली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर रश्मीशी खेळणाऱ्या हिरीला पौर्णिमाने विचारलं, "काय गो हिरी, खीर कशी झालेली?"

हिरी हसली. "थँक्यू काकू. लय गोड झालेली. म्हशीनं सगली चाटून खाल्ली."

बालवाडीत शिकवलेलं तिने काहीही वगळलं नव्हतं.

अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या मालूच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. पौर्णिमा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"असू द्या मालूताई," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. आधीच्या गावात शेळी होती."

तिने रश्मीचा हात धरला, तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

इकडे बाईजाने बाहेर येऊन हिरीच्या पाठीत धपाटा घातला. "घरातलं भायेर सांगतात काय गो? इचारलं तर बोलायचं, आमी खाल्ली! मालू, बघतेस काय? शिकव तिला. मास्तरीण ना तू!"

मालूने हिरीकडे पाहिलं. पोर रडत नव्हती. ती लक्षात ठेवत होती. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागत नसे. हेही ती शिकली असती.

"नाय शिकवणार," मालू म्हणाली. दमलेली होती, म्हणून आवाज चढला नाही. "आणि यापुढं त्यांच्याकडचं काय म्हशीला जायचं नाय."

"मंग माझ्या चुलीला शिवायचं नाय!"

"बरं. भाकऱ्या तुमीच थापा."

हिरीला घेऊन तिने शेजारचं दार वाजवलं. पौर्णिमाने ते निम्मंच उघडलं.

"वयनी, चुकलं आमचं."

पौर्णिमाने दार तेवढंच धरून ठेवलं. "आज काही शिजवलेलं नाही," ती म्हणाली.

आतून फोडणीचा वास येत होता. मालूने तरीही पटल्यासारखी मान हलवली. "पाणी चालंल."

पौर्णिमाने तांब्या आणि दोन पेले बाहेर आणले. आत या म्हणाली नाही. मालू ओट्यावरच टेकली आणि घटाघटा प्यायली. बाईजा आपल्या दारात उभी होती. पलीकडच्या दारांतही माणसं येऊन उभी राहिली होती. अशा वेळी गावात कुणालाच काम नसतं.

हिरीने पेला दोन्ही हातांत धरला आणि आजीकडे पाहिलं.

"आये, आजी मारंल?"

"मारंल," मालू म्हणाली. "पी."