चिमणीच्या शाळेचं टेबल

मी एक टेबल आहे. सुताराने मला जेवणासाठी घडवलं, पण या घरात आल्यापासून माझ्यावर ताटं कमी आणि कापडं जास्त पडली. माझी मालकीण शिवणकाम करते. घरात ती आणि तिची लेक चिमणी, दोघीच.

चिमणीला लहानपणी ताप आला आणि तापाने तिचे कान नेले. शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवलं. शिकवणाऱ्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलायच्या. ओठच दिसले नाहीत तर पोरीला कळणार काय, कपाळ! वर्षभर तिने वहीत नुसत्या चौकटी काढल्या. मग आईने तिला हाताला धरून घरी आणली ती आणलीच.

तेव्हापासून शाळा माझ्यावर भरू लागली. कापड आखायच्या खडूने आई माझ्या पाठीवर शब्द लिहायची, वस्तू समोर ठेवायची, ओठ ठळक हलवायची. सुई. दोरा. बटण. चुकलं की पुसून पुन्हा. बघता बघता चिमणी वाक्यं लिहू लागली.

अशात एक दिवस हजेरी तपासणाऱ्या सरकारी बाई दारात उभ्या राहिल्या.

"ताई, शाळा सक्तीची आहे. कायदाच आहे तसा."

"मुलगी माझी आहे," हातातली कात्री न थांबवता आई म्हणाली.

"तुमचीच. पण उद्या कुणी पोरीला भांडी घासायला घरी ठेवून हेच म्हणालं, तर त्यालाही नमस्कार करून परत फिरू?"

कात्री थांबली. "त्याला मुळीच सोडू नका. पण तुमच्या शाळेत माझ्या पोरीशी बोलणारं कोण आहे, ते सांगा."

मला वाटलं, आता नियमांचा पाढा सुरू होणार. बाई मात्र खुर्ची ओढून बसल्या. खडू घेऊन त्यांनी चिमणीसाठी लिहिलं, 'तुला काय हवं?'

चिमणीने लिहिलं, 'मैत्रीण.'

आईचा चेहरा उतरला. जिवाचं रान करून तिने सगळं दिलं होतं, हे सोडून.

"बोलणारं कुणी नाही," बाई उठताना म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? शोधते. तोवर वरच्यांशी मी भांडते."

आणि त्या खरंच भांडल्या. हिवाळा सरताना शाळेत खुणांच्या भाषेचा वर्ग निघाला. तरी आई लगेच विरघळली नाही. आधी स्वतः दिवसभर त्या वर्गात जाऊन बसली. घरी येऊन माझ्यावर डोकं टेकून रडली, आणि सकाळी लेकीची वेणी घालून तिला धाडली.

खरी कसोटी पुढेच होती. चिमणी मैत्रिणीला घरी आणू लागली. दोघींचे हात भराभर चालायचे, दोघी हसून लोटपोट व्हायच्या, आणि आईला ओ की ठो कळायचं नाही. दुसरी असती तर रुसून बसली असती. हिने लेकीलाच गुरू केलं. शिवणाने आखडलेली बोटं वाकवत ती एकेक खूण शिकली.

आता चिमणी लांबच्या शहरात शिकायला जायचं म्हणते, आई नको म्हणते. रोज माझ्यापाशी हातांनी कडाक्याचं भांडण होतं आणि शेजाऱ्यांना चाहूलही लागत नाही! निवृत्त झालेल्या त्या बाई मधूनच चहाला येतात आणि दोघींनाही दटावतात.

माझा एक पाय डगमगतो. मला काढून टाकायची वेळ आलीच, तर माझ्या फळ्या कपाटाला लावू नका. पाय दुरुस्त करा आणि मला अशा घरी द्या, जिथे माणसं भांडायलासुद्धा समोरासमोर बसतात.