चौथी तसबीर

१७८० सालच्या शरदात आपला एक जनरल इंग्रजांना फितूर झाल्याची बातमी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अमेरिकेतल्या, कनेटिकटमधल्या एका गावात आली. तेव्हापासून मेहिटेबल क्रेन आपल्या खाणावळीत येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेवर नजर ठेवू लागली. भिंतीवर आपल्या सेनापतींच्या चार छापील तसबिरी असत. आता तीनच होत्या. चौथी, त्या फितुराची, तिने पिठाच्या पिंपामागे सारली होती.

चित्राचं तिला काही नव्हतं. पण त्याची चौकट असाहेलने, तिच्या एकुलत्या एका लेकाने, स्वतः रंधा मारून केली होती. त्याच जनरलच्या हाताखाली लढताना तो साराटोगाच्या लढाईत मारला गेला.

दुपारी चर्चचा डीकन बीब आला. बसला नाही.

"क्रेनबाई, एक खिळा रिकामा दिसतोय."

"माझी भिंत, माझा खिळा."

"आज चौकात त्याचा पुतळा जाळणार आहोत. घराघरातल्या त्याच्या तसबिरी त्यातच जायच्या, चौकटीसकट. कुणी लपवून ठेवली तर लोक काय समजायचं ते समजतील."

याला कुणी सांगितलं? भांडी घासणारी प्रुडन्स काल पिंपापाशी जरा जास्तच रेंगाळली होती. की हा नुसता खडा टाकून बघतोय? एवढ्यात डीकनची नजर पिंपाकडे वळली. मेहिटेबलने स्वतःच तसबीर बाहेर काढली, मागची फळी सरकवली, चित्राखालची नावाची पट्टी कात्रीने कापली आणि चुलीत टाकली.

"जळला तुमचा फितूर."

"आणि हे तोंड?"

"कुणाचं तोंड? हे छापलं लंडनला. तिथल्या चितार्‍याने आपला एक तरी जनरल पाहिलाय? असाहेल तर पोट धरून हसला होता. म्हणाला, आई, आमचा साहेब असा कुठंय? हा कुणीतरी लंडनचा खाटीक दिसतोय!"

डीकनने तसबीर उजेडात धरली. मग हळूच भिंतीकडे पाहिलं.

"म्हणजे हे तिघेही...?"

"नावं झाका आणि ओळखून दाखवा."

डीकनने तसबीर तिच्या हातात परत दिली. भिंतीवरच्या तिघांतल्या एकाची असलीच लंडनची तसबीर त्याच्या घरी होती. पोरांना रोज सकाळी तिच्यापुढे सलाम करायला उभं करायचा तो.

"हा कोण म्हणून विचारलं तर काय सांगाल?" तो दारातून म्हणाला.

"सांगेन, डीकनसाहेब स्वतः पारखून गेलेत."

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि तो निघून गेला. त्याची पावलं वाजायची थांबली तरी मेहिटेबलने चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.